वाट पाहणारं घर



"सध्या काय चाललंय?" असं सगळे विचारता. नोकरी सॉफ्टवेअरची, आणि आम्ही दोघं एका लेकराची वाट पाहतोय. परदेशात राहून भारतातलं मूल दत्तक घ्यायचं, तर गृहभेटीचा अहवाल, 'कारा'च्या यादीत नंबर, मग ना-हरकत दाखला. सप्टेंबर 2022 पासून आदेश न्यायालयाऐवजी जिल्हा दंडाधिकारी देतात. मूल घरी आल्यावरही दोन वर्षं अहवाल जातात. ही चाळणी लेकराच्या भल्यासाठीच आहे.

आम्ही ख्रिस्ती. "लवकर दे" ही प्रार्थना आता सुटली. "आज ते जिथे असेल तिथे पोटभर जेवलेलं असू दे," एवढंच मागतो.

पाऊस लांबला तरी शेलूबाजारच्या शिवारात डवरा थांबत नाही. आम्हीही मराठी गोष्टींची पुस्तकं जमवतोय. लेकरू आलं की आधी तुमच्या पाया पडायला आणीन.