शनवार तेल्यांची गावे



पेणकर, रोहेकर, किहीमकर ही आडनावे ऐकून हे घर यहुद्यांचे असेल, असे कुणा परक्या माणसाच्या मनातही येणार नाही. गावांवरून पडलेली अशी शंभराहून अधिक आडनावे बेने इस्राएल समाजात आहेत. पूर्वीच्या कुलाबा, म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्याच्या खेड्यापाड्यांतून हा समाज पसरला होता.

नवगावजवळ गलबत फुटले, सात पुरुष व सात स्त्रिया तेवढ्या वाचल्या, अशी त्यांची परंपरा सांगते. किती शतकांपूर्वी, याविषयी विद्वानांचा वाद आहे. आपण त्यात पडू नये. त्यांनी तेलाचे घाणे चालवले आणि शनिवारी ते बंद ठेवले, म्हणून गाव त्यांना शनवार तेली म्हणू लागले. हिब्रू भाषा विसरली. 'शेमा' ही एक प्रार्थना राहिली, सुंता राहिली.

पुढे दावीद राहबी नावाचे गृहस्थ आले. ही माणसे खरोखर यहुदी आहेत का, हे पाहण्यासाठी त्यांनी बायकांपुढे निरनिराळे मासे ठेवले म्हणतात. बायकांनी खवले-पर असलेले तेवढेच निवडून रांधले. पोथी नव्हती, गुरू नव्हता. सासूने सुनेला सांगितले एवढ्यावर ते ज्ञान टिकले होते! मला ही कथा फार आवडते.

त्यांच्या बायका आपल्यासारखेच मंगळसूत्र घालीत, मराठीत गाणी म्हणत. नवसाला एलियाहू नबीच्या नावाने गोड पोह्यांचा, ओल्या खोबऱ्याचा मलिदा करीत. आमच्या माहेरी शेजारच्या काकूंकडून तो आमच्याकडे येई. त्या इस्राएलला निघाल्या तेव्हा आपले जाते आईच्या स्वाधीन करून गेल्या.

पलटणीतल्या व रेल्वेतल्या नोकऱ्यांनी आधीच पुष्कळांना मुंबईला नेले होते. १९५०च्या सुमारास भारतात हा समाज वीस हजारांच्या घरात होता. १९४८ साली इस्राएल राष्ट्र झाले आणि कुटुंबेच्या कुटुंबे निघाली. तिथेही त्यांच्या विवाहांविषयी शंका काढल्या गेल्या. १९६४ साली त्यांना पूर्ण मान्यता मिळाली, तीही झगडून. २०११च्या जनगणनेत साऱ्या भारतात सर्व प्रकारचे यहुदी मिळून साडेचार हजारांच्या आसपास भरले.

अलिबाग, पेण, पनवेल, रेवदंडा इथे त्यांनी प्रार्थनामंदिरे बांधली. पण सामुदायिक प्रार्थनेस दहा प्रौढ पुरुष लागतात. माणसे पांगल्यावर दहाचा आकडा गाठणे हेच मोठे काम होऊन बसले. (बायका त्या दहांत मोजल्या जात नसत, मासे मात्र त्यांनीच ओळखले!)

माझी मंडळाला एक विनंती आहे. आपल्या तालुक्यात या समाजाच्या ज्या वृद्ध स्त्रिया उरल्या असतील, त्यांच्याकडे दोघीदोघींनी जावे, आणि त्यांची गाणी, मलिद्याची रीत, कोणत्या गावी कुणाचे घर होते, हे वहीत उतरवून घ्यावे. हे काम या पावसाळ्यापूर्वीच व्हावे. वही मी देते.