काटा खरं बोलला पाहिजे

गाडी चालवताना आपण रस्त्याकडे बघतो, आरशात बघतो आणि अधूनमधून समोरच्या मीटरवर नजर टाकतो. रस्ता आणि आरसा डोळ्यांना दिसण्यासारखंच दाखवतात. मीटर मात्र न दिसणारं सांगतं. टाकीत पेट्रोल किती उरलंय, इंजिनातलं पाणी किती तापलंय, तेलाचा दाब आहे की गेला, हे बोनेटखाली आणि पत्र्याआड चाललेलं असतं. तिथली बातमी आपल्यापर्यंत आणण्याचं काम एक बारीकसा काटा करतो, आणि आपण त्याच्यावर डोळे झाकून विश्वास ठेवतो.

श्रोतेहो, मी कविता लिहिणारा माणूस. गाड्यांशी माझा संबंध माझ्या धाकट्या भावामुळं. कोल्हापूरच्या उद्यमनगरात त्याचं ऑटो इलेक्ट्रिकचं लहानसं दुकान आहे. संध्याकाळी मी तिथं जाऊन बसतो. कवितेला लागणाऱ्या पुष्कळ गोष्टी मला त्या दुकानात मिळाल्या आहेत. आज सांगतो आहे ती गोष्टही तिथलीच.

मागच्या वर्षी तिथं एक जुनी मॉरिस मायनर आली. १९५७ची, मायनर १००० म्हणतात ती. ॲलेक इसिगोनिस यांनी घडवलेली ही गाडी १९४८ साली इंग्लंडमध्ये बाजारात आली आणि १९७१पर्यंत बनत राहिली. या काळात सोळा लाखांहून जास्त मायनर तयार झाल्या. दुकानात आलेली गाडी एका डॉक्टरांची होती. इंग्लंडमध्ये शिकून परत येताना त्यांनी ती बोटीनं आणली आणि पुढची तीसेक वर्षं साखरप्याच्या बाजूला, आंबा घाटाच्या पायथ्याच्या गावांत वापरली. डॉक्टरसाहेब आता नाहीत. त्यांची मुलगी, वय साठीच्या पुढं, गाडी घेऊन आली होती. तिला ती स्वतः चालवत कोल्हापूरहून घाट उतरून वडिलांच्या गावी न्यायची होती.

मायनरचा डॅशबोर्ड फार साधा. स्टिअरिंग डाव्या बाजूला असो की उजव्या, मधोमध एकच मोठं गोल मीटर. त्यातच वेगाचा काटा, मैलांचे आकडे आणि पेट्रोलचा काटा. जोडीला दोनचार इशाऱ्याचे दिवे. पाण्याचं तापमान दाखवणारं मीटर कंपनीनं दिलेलंच नव्हतं. इंग्लंडच्या हवेत कदाचित ते चालून जात असेल. आंबा घाट एप्रिलमध्ये चढायचा तर गाडी किती तापली हे कळायला हवं. ताईंचं म्हणणं सरळ होतं. "मिस्त्री, रस्त्यात अडकायचं नाही मला. पण गाडी आत बसल्यावर बाबांचीच वाटली पाहिजे."

दुकानातला पोरगा हुशार आहे, आयटीआय झालेला. त्यानं एक उपाय सांगितला. हल्ली जुन्या मीटरची तबकडी आणि काटा तसाच ठेवून आतली यंत्रणा बदलता येते. काट्यामागं एक छोटी स्टेपर मोटर बसवायची. तिला वेग कळतो तो उपग्रहाकडून, म्हणजे आपल्या मोबाईलमध्ये असते त्याच जीपीएसवरून. केबल तुटायची भीती नाही, टायर बदलला तरी आकडा चुकत नाही. मैलांच्या खिडकीत एक छोटा डिजिटल पडदा बसतो. बाहेरून बघणाऱ्याला काही कळत नाही.

उपाय वाईट नव्हता. अनेक जण तसं करतात आणि त्यांच्या गाड्या छान चालतात. बोगद्यात उपग्रह दिसेनासा होतो, वेग एकदम बदलला की काटा क्षणभर मागं राहतो, एवढ्या बारीक अडचणी सोडल्या तर त्यात दोष काढण्यासारखं फार नाही. पण माझा भाऊ मीटर उघडून बसला होता आणि त्याला आतलं यंत्र मोडवेना.

ते यंत्र आहेच तसं. गिअरबॉक्समधून एक लवचिक केबल मीटरपर्यंत येते आणि गाडी चालली की गरगर फिरते. तिच्या टोकाला एक लोहचुंबक असतं. चुंबकाच्या जोडीला ॲल्युमिनियमची एक पातळ वाटी, पण दोघं एकमेकांना टेकत नाहीत. चुंबक फिरलं की वाटीत विजेचे भोवरे उठतात आणि ते वाटीला चुंबकामागं ओढतात. केसासारखी बारीक स्प्रिंग तिला मागं खेचून धरते. या ओढाताणीत काटा जिथं ठरतो, तो गाडीचा वेग. जर्मनीतल्या ऑटो शुल्झे यांनी १९०२मध्ये या युक्तीचं पेटंट घेतलं होतं. त्याला बॅटरी लागत नाही, वायर लागत नाही. त्याच केबलच्या फिरण्यावर दातेरी चाकं एकेक मैल मोजत पुढं सरकतात. या गाडीत ती ८७,४१२वर थांबलेली होती.

ताईंनी त्या आकड्याकडं बघितलं आणि विचारलं, "नव्या मीटरमध्ये हा आकडा घालता येईल का?"

पोरगा म्हणाला, "येईल की ताई. तुम्हाला हवा तो घालता येईल."

"हवा तो घालता येतो ना? मग नको."

पोरगा गप्प झाला. भाऊ हसला नाही, त्यानं नुसती मान हलवली. मलाही ते पटलं, आणि त्याला माझं स्वतःचं एक कारण होतं. ताईंना ते तोपर्यंत माहीत नव्हतं.

आमचं गाव त्याच बाजूचं. मी सहासात वर्षांचा असताना एका पावसाळी रात्री वडिलांच्या पोटात असह्य दुखायला लागलं. चुलते कंदील घेऊन डॉक्टरसाहेबांकडं गेले. डॉक्टरांनी वडिलांना तपासलं, म्हणाले, "इथं ठेवून चालायचं नाही," आणि याच गाडीच्या मागच्या सीटवर त्यांना निजवून रत्नागिरीला नेलं. अपेंडिक्स होतं. वडील त्यानंतर तीस वर्षं जगले. साखरप्यापासून रत्नागिरीला जाऊन यायला साधारण साठ मैल. म्हणजे त्या ८७,४१२मधले साठ मैल आमच्या घरचे. अशी किती घरं असतील, याचा हिशेब कुठल्याच वहीत नाही. त्यातला काही या पाच आकड्यांत आहे, एवढंच. ताईंना हे सांगितलं तेव्हा त्या बराच वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "बाबा घरी काहीच सांगायचे नाहीत. सकाळी गाडी चिखलानं भरलेली दिसायची, बास."

तेव्हा मधलं मीटर तसंच ठेवायचं ठरलं. भावानं ते साफ केलं, केबल नवी घातली. पण जुनं आहे म्हणून त्याचं सगळंच खरं मानायचं, असं त्यानं केलं नाही. मूळचे टायर जाऊन तिथं रेडियल आले होते. टायरचा घेर बदलला की तेवढ्याच मैलात चाकाचे फेरे बदलतात आणि मीटर चुकायला लागतं. म्हणून त्यानं गाडी हायवेवर नेऊन मोबाईलच्या जीपीएसशी काटा ताडून पाहिला. जुना काटा खऱ्या वेगापेक्षा थोडा जास्त दाखवत होता. भाऊ म्हणाला, "हे चालतं. कमी दाखवला असता तर उघडावं लागलं असतं." मला नंतर कळलं की संयुक्त राष्ट्रांच्या मोटारींबद्दलच्या नियमातही हेच आहे. मीटरनं खऱ्यापेक्षा थोडा जास्त वेग दाखवला तर चालतो, कमी दाखवलेला अजिबात चालत नाही. चूक व्हायचीच असेल तर ती सावधपणाच्या बाजूनं व्हावी. माणसांच्या बोलण्यालाही असा नियम असता तर बरं झालं असतं.

तबकडीवर आकडे मैलांचे. त्यावर नवा रंग चढवायचा नाही, असं ठरलं. काचेवर बाहेरून तीन बारीक खुणा केल्या. तीसपाशी अठ्ठेचाळीस, चाळीसपाशी चौसष्ट, पन्नासपाशी ऐंशी. नखानं निघतील अशा.

आता नवी मीटरं. पाण्याचं तापमान, तेलाचा दाब आणि बॅटरीचे व्होल्ट अशी तीन घ्यायची होती. पहिला अडथळा आला तो विजेचा. त्या काळच्या इंग्रजी गाड्यांत बॅटरीची प्लस बाजू गाडीच्या सांगाड्याला जोडलेली असायची. आजच्या गाड्यांत मायनस जोडतात. आजचं इलेक्ट्रॉनिक मीटर जुन्या गाडीला सरळ जोडलं तर जळून जाईल. म्हणून आधी सगळ्या गाडीची दिशा बदलावी लागली. बॅटरी उलटी जोडायची, कॉइलच्या वायरी अदलाबदल करायच्या आणि डायनामोच्या एका टोकाला क्षणभर करंट देऊन त्याच्या पोटातलं चुंबकत्व फिरवायचं. जुना पेट्रोलचा काटा मात्र दोन्ही दिशांना सारखाच चालतो, त्याला कुणी विचारलंही नाही. अँपिअर दाखवणारं मीटर घेतलं नाही, कारण त्यातून गाडीचा बहुतेक सगळा करंट न्यावा लागतो. जाड वायर डॅशबोर्डमागं फिरवायची, ती कुठं घासली तर आग. व्होल्टमीटरला बारीक वायर पुरते. इंजिन बंद असताना साडेबारा आणि चालू असताना चौदाच्या आसपास दिसलं की सगळं ठीक.

तापमानाचा सेन्सर रेडिएटरच्या वरच्या होस पाईपमध्ये एक धातूची नळी घालून तिच्यात बसवला. पाईप रबराचा, म्हणून त्या नळीला वेगळी अर्थिंगची वायर द्यावी लागते. ती विसरली तर मीटर काहीही सांगतं. बसवण्याआधी भावानं सेन्सर चहाच्या पातेल्यात उकळत्या पाण्यात धरला. काटा अठ्ठ्याण्णवला थांबला. पोरगा म्हणाला, "शंभर पाहिजे होता." भाऊ म्हणाला, "कोल्हापूर समुद्रापासून साडेपाचशे मीटर वर आहे. इथं पाणी अठ्ठ्याण्णवलाच उकळतं. मीटर बरोबर आहे."

मग त्यानं ताईंना जवळ बसवून एक गोष्ट नीट समजावली. "ताई, हा काटा पाण्याची उष्णता सांगतो. पाणीच गळून गेलं तर सेन्सर कोरडा पडतो आणि काटा खाली येतो. इंजिन तापलेलं असताना काटा एकदम खाली आला तर बरं वाटून घेऊ नका. लगेच गाडी थांबवा." काट्यावर विश्वास ठेवायचा तर तो कधी फसवतो हे आधी माहीत हवं.

तिन्ही मीटरं बसली ती ड्रायव्हरसमोरच्या कप्प्यात, एका वेगळ्या पट्टीवर. ही पट्टी कप्प्याच्या मूळच्याच स्क्रूंवर धरलेली आहे. डॅशबोर्डला एकही नवं भोक पाडलं नाही. दिवेही पांढरेफेक लावले नाहीत. मधल्या मीटरचा उजेड पिवळसर आहे, तसाच या तिघांना दिला. रात्री ती शेजारी बसलेल्या पाहुण्यांसारखी दिसतात, घर बळकावलेल्यांसारखी नाही.

ताई एप्रिलमध्ये गेल्या. उतरताना काही प्रश्न नव्हता. परत येताना घाटात, अर्ध्या चढावर, नव्या मीटरचा काटा पंच्याण्णवच्या पुढं सरकायला लागला. त्यांनी वळण बघून गाडी कडेला घेतली, बोनेट उघडलं, रेडिएटरच्या टोपणाला हात न लावता अर्धा तास सावलीत बसल्या आणि मग सावकाश वर आल्या. गाडी उकळली नाही, गॅस्केट गेलं नाही. दुकानात परत आल्या तेव्हा आकडा ८७,५१३ होता. शंभर मैल त्यांचे स्वतःचे.

केंद्र सरकारनं २०२१मध्ये पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी व्हिंटेज नोंदणीचे नियम केले. त्यातही गाडी मूळ रूपात असावी, मोठी मोडतोड झालेली नसावी, अशी अट आहे. पण कायद्याच्या आधीही चांगले मिस्त्री हे पाळत आले आहेत. नवं जोडताना जुनं परत करता येईल असं जोडायचं. काढलेला प्रत्येक भाग नाव लिहून डब्यात ठेवायचा. मला हे ओळखीचं वाटतं. ओवीत आजची गोष्ट सांगता येते, पण त्यासाठी ओवीचे चरण तोडावे लागत नाहीत. आणि ओवी जुनी आहे म्हणून तीत खोटं सांगून चालत नाही.

काम संपल्यावर भावानं नव्या वायरिंगचा नकाशा कागदावर काढला. कोणत्या रंगाची वायर कुठून कुठं जाते, प्लस-मायनस कधी बदललं, सेन्सर कुठं आहे, सगळं मराठीत लिहिलं. प्लॅस्टिकमध्ये घालून तो कागद कप्प्याच्या आत चिकटवला. मी विचारलं, "हे कुणासाठी? तुला तर सगळं पाठ आहे."

"माझ्यानंतर जो मिस्त्री ही गाडी उघडेल ना भाई, त्याच्यासाठी."