दुपारची वीज आणि संध्याकाळची वीज
(वार्षिक संमेलनात पालक व विद्यार्थ्यांपुढे केलेले भाषण)



'वीज वाचवा' हे आपण शाळेच्या भिंतीवर वाचत आलो आहोत. मी आज थोडे निराळे सांगणार आहे. वीज किती वापरली याइतकेच ती केव्हा वापरली यालाही आता महत्त्व आले आहे.

वीज ही धान्यासारखी कणगीत भरून ठेवण्याची वस्तू नव्हे. ज्या क्षणी ती वापरायची, जवळजवळ त्याच क्षणी ती निर्माण करावी लागते. आपल्या देशात प्रवाहाची आवर्तने सेकंदाला ५० ठेवतात. मागणी वाढली की हा आकडा खाली येतो, घटली की वर चढतो, आणि तो सांभाळण्यासाठी रात्रंदिवस माणसे बसलेली असतात. ५ एप्रिल २०२० रोजी रात्री ९ वाजता लोकांनी ९ मिनिटे घरातले दिवे मालवले, तेव्हा देशाची मागणी सुमारे ३१ हजार मेगावॉटने उतरली. जलविद्युत केंद्रे झटपट कमी करून पुन्हा वाढविली, म्हणून तोल राहिला. तुमच्या-माझ्या घरच्या बटणांची ताकद किती, ते त्या रात्री दिसले.

कोळसा हवा तेव्हा जाळता येतो. सूर्य मात्र आपले ऐकत नाही. सौरवीज दुपारी भरभरून मिळते आणि मगरिबच्या सुमारास संपते. नेमक्या त्याच वेळी घरोघरी दिवे, पंखे, टीव्ही, मिक्सर सुरू होतात. मग ती तूट कोळसा आणि धरणाचे पाणी यांनी भरून काढावी लागते. सह्याद्रीत घाटघर येथे २५० मेगावॉटचे केंद्र आहे. तेथे वीज जास्त असेल तेव्हा खालचे पाणी वर चढवितात आणि गरजेच्या वेळी खाली सोडून वीज घेतात. युक्ती चांगली आहे. परंतु चढविण्यास लागते तेवढी वीज परत मिळत नाही. त्यापेक्षा दुपारची वीज दुपारीच वापरणे स्वस्त.

याच हिशेबाने केंद्र सरकारने २०२३ साली, उन्हाच्या तासांत दर कमी आणि जास्त मागणीच्या तासांत अधिक, असा नियम केला. १ जुलै २०२५ पासून महावितरणने स्मार्ट मीटर असलेल्या घरगुती ग्राहकांना सकाळी ९ ते सायंकाळी ५ या वेळेतील वापरावर सवलत देण्यास सुरुवात केली. जुने मीटर फक्त एकूण बेरीज सांगे. हे नवे मीटर कोणत्या वेळी किती, तेही नोंदविते. (घर केव्हा जागे असते आणि केव्हा झोपते, हेही त्यावरून कळते. ही माहिती कोणाकडे जाते, असे विचारण्याचा आपल्याला हक्क आहे.)

आता घरात काय करावे? मुलांच्या अभ्यासाच्या दिव्याला हात लावू नका. ९ वॉटचा एलईडी दिवा शंभर तासांहून अधिक जळेल तेव्हा एक युनिट होते. हजार वॉटची इस्त्री तेवढी वीज एका तासात घेते. हलवायची ती इस्त्री, कपडे धुण्याचे यंत्र आणि पाण्याचा पंप. आमच्या इमारतीचा पंप वर्षानुवर्षे संध्याकाळी सातला चालू होई, कारण पहारेकरी तेव्हा कामावर येई, एवढेच! टाकी दुपारी भरली तरी पाणी तेच.

मी मोठ्या ज्ञानाने घरात म्हणालो, "इस्त्री दुपारी करत जा." पत्नी म्हणाली, "दुपारी मी कामावर असते. रविवारी तुम्हीच करा." तिचे बरोबर होते. वेळ बदलण्याचे ओझे घरातल्या बाईवरच टाकले, तर ही योजना आठवडाभरही टिकणार नाही. रविवारची इस्त्री आता माझ्याकडे आहे.

काही गोष्टी हलत नाहीत. रमजानमध्ये सहरीचा स्वयंपाक पहाटेच होणार, इफ्तारची घाईही मगरिबपूर्वीच होणार. पण ईदचे कपडे धुणे आणि इस्त्री करणे दुपारी उरकता येते.

विद्यार्थी मित्रांनो, सुटीत एक काम करा. आठ दिवस सकाळी ९, सायंकाळी ५ आणि रात्री १० वाजता मीटरचा आकडा वहीत लिहा. वजाबाक्या करा आणि ती वही अम्मी-अब्बांपुढे ठेवा.