कणांवरचे आवरण आणि अडलेली वीज



उरल पर्वतात १८३९ साली सापडलेल्या एका खनिजाला गुस्टाव्ह रोझे यांनी रशियातील लेव्ह पेरोव्हस्की यांचे नाव दिले. ते खनिज कॅल्शियम आणि टायटॅनियमचे. या परिषदेचा विषय असलेल्या क्वांटम डॉट्समध्ये, म्हणजे नॅनोमीटर मापाच्या स्फटिककणांमध्ये, ही दोन्ही मूलद्रव्ये नाहीत. त्या खनिजाकडून घेतली आहे ती केवळ अणूंची ठेवण. त्या ठेवणीत सीझियम, शिसे आणि क्लोरीन, ब्रोमीन किंवा आयोडीन बसवून झुरिकच्या ईटीएचमध्ये लोरेदाना प्रोतेसेस्कू, मक्सिम कोवालेंको आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये ४ ते १५ नॅनोमीटरचे कण घडवले.

कृती पाहण्यासारखी आहे. शिशाचा क्षार, ऑलिइक आम्ल आणि ऑलिलअमीन यांचे तेलकट मिश्रण १४० ते २०० अंश सेल्सिअसपर्यंत तापवतात आणि सीझियमचे गरम द्रावण सिरिंजने एका दमात आत सोडतात. पाचेक सेकंदांत फ्लास्क बर्फाच्या पाण्यात. ब्रोमाइडचे कण असतील, तर अतिनील दिव्याखाली हिरवागार प्रकाश दिसतो. कॅडमियमच्या जुन्या कणांना चमकण्यासाठी वेगळे कवच चढवावे लागे. इथे स्फटिकातल्या दोषांमुळे फारसे बिघडत नाही. कवचाशिवायही शोषलेल्या प्रकाशकणांपैकी ९० टक्क्यांपर्यंत परत प्रकाश म्हणून बाहेर पडतात.

पण प्रकाश टिपणाऱ्या संवेदकाला चमक नको, वीज हवी. अडचण इथेच सुरू होते.

ऑलिइक आम्ल आणि ऑलिलअमीन यांच्या अठरा-अठरा कार्बनच्या साखळ्या प्रत्येक कणाला वेढून बसतात. त्यांच्यामुळेच कण एकमेकांना चिकटत नाहीत, द्रावणात टिकतात. मात्र त्याच साखळ्या विद्युतरोधक असल्याने एका कणातला इलेक्ट्रॉन शेजारच्या कणात सहजी जात नाही. आवरण सरसकट धुऊन काढावे, तर कणच मोडतो. या क्षेत्रातले सगळ्यात मोलाचे काम या पेचाशी झुंजणारे आहे, आणि त्यात पुण्याचा वाटा आहे. पुण्याच्या आयसरमध्ये अंशुमन नाग यांच्या गटात या कणांवर काम केलेले अभिषेक स्वर्णकार २०१६ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय अक्षय ऊर्जा प्रयोगशाळेतील सहकाऱ्यांसह आयोडाइडच्या कणांवर काम करत होते. मेथिल ॲसिटेटने त्यांनी जादा आवरण तेवढे धुतले. एरवी सामान्य तापमानाला पिवळा पडून निकामी होणारा हा पदार्थ काळाच राहिला आणि सौरघटाची कार्यक्षमता १० टक्क्यांवर गेली. तो सौरघट होता, संवेदक नव्हे. पण वीज बाहेर काढण्याचा प्रश्न दोघांचा एकच.

दुसरी वाट कण ग्राफीनच्या थरावर बसवण्याची. कण प्रकाश शोषतो, एक प्रभार ग्राफीनमध्ये उतरतो, दुसरा कणातच अडकतो आणि तो अडकलेला असेपर्यंत ग्राफीनमधला प्रवाह बदललेला राहतो. संवेदनक्षमता प्रचंड वाढते, प्रतिसाद मात्र मंदावतो.

क्ष-किरणांच्या बाबतीत आवरणाची अडचण बाजूलाच पडते. सीझियम आणि शिसे जड, म्हणून क्ष-किरण चांगले शोषतात आणि कण दृश्य प्रकाश देतो. तो टिपायला नेहमीचा कॅमेरा पुरतो. सिंगापूरच्या राष्ट्रीय विद्यापीठातल्या गटाने २०१८ मध्ये हे दाखवून दिले. व्यवहारात पहिला पाय इथे रोवला जाईल, असे मानायला जागा आहे.

शिसे विषारी, त्याचे काय, हा प्रश्न टाळून चालणार नाही. त्याच्या जागी कथिल घातले तर ते हवेत लवकर ऑक्सिडीकृत होते. म्हणून तूर्त भर उपकरण घट्ट सीलबंद करण्यावर हवा. आणि या परिषदेतल्या प्रत्येक निबंधात पहिल्या दिवसाच्या संवेदनक्षमतेशेजारी प्रतिसादाचा वेग, हवेतली आर्द्रता आणि हजार तासांनंतरचे मोजमापही छापलेले असावे.