वही पाहणारे माणूस
(वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी सातवी शिकलेली, भाषणाची सवय नाही. चुकले तर सांभाळून घ्या. आमचा मुलगा सांगतो, हल्ली नव्या धंद्याला स्टार्टअप म्हणतात आणि त्याला वाट दाखवणाऱ्याला मेंटॉर. नाव नवे असेल, माणूस जुनेच आहे.

१५ मार्च १९५९ रोजी मुंबईला गिरगावात सात बायकांनी गच्चीवर पापड लाटायला घेतले. तेच पुढे लिज्जत झाले. भांडवल ८० रुपये, तेही छगनबाप्पा पारेखांकडून उसने घेतलेले. सगळे या ८० रुपयांचेच कौतुक करतात. मला बाप्पांचा सल्ला मोठा वाटतो. बायका हलक्या प्रतीचा स्वस्त पापडही काढत होत्या. बाप्पांनी बजावले, प्रत एकच ठेवा, तिच्यात तडजोड नको आणि हिशेब चोख ठेवा. कारभार मात्र बायकांच्याच हाती राहिला.

आता माझे सांगते. चार वर्षांपूर्वी मी येसर करून विकू लागले. लातुरात शेजारणी घेत, नांदेडला माहेरी जाताना पिशव्या भरून नेई. तिथल्या एका दुकानदाराने वीस किलो उधारीवर घेतले आणि पैसे बुडवले. घरी सांगायची सोय नव्हती, ‘मी म्हणालोच होतो’ हे ऐकावे लागले असते! डबे माळ्यावर टाकले.

समोरच्या काकूंनी विचारले, “किलोमागे तुला उरतं किती गं?”

मला सांगता येईना. गहू, डाळ, धणे धरले होते. गॅस, दळणावळ, पिशव्या, एसटीचे भाडे, काहीच धरले नव्हते. माझे कष्ट तर नाहीतच. काकू दर गुरुवारी तासभर माझ्याजवळ बसत आणि वही लिहून घेत. तेव्हा कळले, दुकानदाराने बुडवले नसते तरी मी तोट्यातच होते. मी उसने पैसे मागितले. “आधी भाव वाढव,” म्हणाल्या. भीतभीत किलोला चाळीस रुपये वाढवले. तीन गिऱ्हाइके तुटली, बाकीची टिकली. माझी चूक त्यांनी चारचौघींत कधी काढली नाही.

काकू आता मुलाकडे पुण्याला राहतात. आपल्या गल्लीत दोन मुलींनी शिवणकाम सुरू केले आहे, एक सून शेवया करते. त्यांच्याजवळ कोण बसणार? मंडळाची खोली गुरुवारी दुपारी मोकळी असते, तेवढी मिळावी. मी माझी तेलाचे डाग पडलेली वही घेऊन येईन. त्यातला तोटा मी खोडलेला नाही.