चार वेळा विषुववृत्त ओलांडणारी वाइन



डिसेंबर १९८५. लंडनच्या क्रिस्टीज लिलावगृहात एका बाटलीवर एक लाख पाच हजार पौंडांना हातोडा पडला. आत १७८७ सालची लाफीत, म्हणजे फ्रान्सच्या बोर्दो भागातली नामांकित तांबडी वाइन. काचेवर कोरलेली आद्याक्षरं अमेरिकेचे तिसरे अध्यक्ष टॉमस जेफर्सन यांची, असा बोलबाला. बाटली घेतली फोर्ब्स घराण्यानं आणि न्यूयॉर्कला नेऊन दिव्याखाली मांडली. दिव्याच्या उष्णतेनं जुनं बूच आकसलं आणि थेट वाइनमध्ये जाऊन पडलं! त्याच मालिकेतल्या चार बाटल्या घेणारे उद्योगपती बिल कोक यांनी पुढे तपास करवला. काचेवरची अक्षरं विजेच्या हत्यारानं कोरलेली आहेत, असा निष्कर्ष त्यांच्या तज्ज्ञांनी काढला. जेफर्सनच्या काळात विजेचं हत्यार कुठलं?

जुनी वाइन जमवणाऱ्यांचं दुखणं असं दुहेरी असतं. बाटली खरी आहे का, हा पहिला प्रश्न. खरी निघालीच, तर पिण्याजोगी राहिली आहे का, हा दुसरा. बुचातून हळूहळू हवा शिरते, आतली पातळी उतरते, रंग विटतो. शंभरी गाठलेल्या बहुतेक बाटल्या कपाटात शोभतात, पेल्यात नाही.

एका वाइनची गोष्ट मात्र वेगळी आहे. ती दीडशे-दोनशे वर्षांची झाली तरी लोक चवीनं पितात. तिचं नाव मादेरा.

मादेरा हे अटलांटिक महासागरातलं पोर्तुगालचं ज्वालामुखी बेट. अमेरिकेकडे, आफ्रिकेकडे, भारताकडे निघालेली गलबतं इथे पाणी आणि शिधा भरून घेत, सोबत वाइनची पिंपंही चढवत. पोर्तुगालहून गोव्याला यायचं, तर अटलांटिकमध्ये एकदा विषुववृत्त ओलांडायचं, आफ्रिकेच्या टोकाला वळसा घालायचा आणि हिंदी महासागरात ते पुन्हा ओलांडायचं. परतताना तीच वाट. जहाजाच्या पोटात महिनोन्महिने उकडत, हिंदकळत पडलेली वाइन खरं तर नासायला हवी. पण न खपता परत आलेली पिंपं फोडली, तेव्हा ती आधीपेक्षा चवदार निघाली. अशा फेरी करून आलेल्या वाइनला पोर्तुगीजांनी ‘व्हिन्यु द रोदा’ म्हटलं, आणि व्यापारी पिंपं मुद्दाम फेरीवर धाडू लागले.

असं का व्हावं? बेटावरच्या द्राक्षांत आंबटपणा भरपूर. अठराव्या शतकाच्या मध्यापासून मादेरात ब्रँडी मिसळण्याची पद्धत रुळली, त्यामुळे अल्कोहोलचं प्रमाण वाढलं. आज ते एकोणीस टक्क्यांच्या आसपास असतं. उष्णता आणि हवा हे एरवी वाइनचे वैरी. मादेराला ते दोन्ही सुरुवातीलाच भेटतात. जे बिघडायचं ते तिथेच बिघडून जातं आणि त्यातूनच अक्रोड, जळवलेली साखर, संत्र्याची साल अशी चव येते. जहाजाची फेरी महागात पडू लागली, तसे बेटावरच उपाय निघाले. साधी वाइन टाकीत तीन महिने पंचेचाळीस-पन्नास अंशांवर तापवतात. उंची वाइनची पिंपं उन्हानं तापणाऱ्या माळ्यांवर वर्षानुवर्षं मुरत ठेवतात. ‘फ्राश्केइरा’ या सर्वांत मानाच्या प्रकारात एकाच जातीच्या द्राक्षांची, एकाच सालची वाइन किमान वीस वर्षं लाकडात काढते.

मादेराची सर्वांत मोठी गिऱ्हाइकं होती अमेरिकेतल्या इंग्रज वसाहती. युरोपचा माल इंग्लंडमार्गेच वसाहतींत न्यावा, असा १६६३ चा इंग्रजी कायदा. पण मादेराच्या वाइनला त्यातून सूट होती. त्यामुळे तिकडच्या श्रीमंत घरांत तिचा साठा पिढ्यान्‌पिढ्या उरला. न्यू जर्सीतल्या लिबर्टी हॉल संग्रहालयात अलीकडे दुरुस्ती निघाली, तेव्हा मद्यबंदीच्या काळातल्या एका भिंतीआड १७९६ च्या मादेराची खोकी सापडली. माळ्यावर काचेचे मोठमोठे बुधले होते, तेही मादेराचेच. २०१८ मध्ये त्यातल्या काही मालाचा लिलाव झाला.

मादेरा बेटावर नेपोलियनची गोष्टही हमखास ऐकवतात. १८१५ मध्ये त्याला सेंट हेलेनाला नेणारं जहाज बेटावरच्या फुंशाल बंदराबाहेर थांबलं, तेव्हा ब्रिटिश कॉन्सलनं १७९२ च्या वाइनचं एक पिंप त्याच्यासाठी चढवलं. पोटाच्या दुखण्यानं बादशहाला ती काही पिता आली नाही. पिंप बेटावर परतलं आणि १८४० मध्ये ब्लँडी कुटुंबानं वाइन बाटल्यांत भरली. १९५० मध्ये चर्चिल बेटावर उतरले होते, तेव्हा त्यातली एक बाटली त्यांच्यासाठी उघडली, असं सांगतात.

घेणाऱ्यानं बाटलीवरचं साल मात्र नीट वाचावं. जुन्या मादेरावर कागदी चिठ्ठीऐवजी पांढऱ्या रंगानं छापलेली अक्षरं असतात. तिथे सालाशेजारी ‘सोलेरा’ लिहिलेलं असेल, तर ते साल फक्त मूळ पिंपाचं. त्या पिंपातून थोडी काढायची आणि तेवढीच नवी घालायची, अशी ती पद्धत. त्यामुळे १८६० च्या आकड्यामागे बरीचशी वाइन नंतरची असू शकते.

ठेवण्याची रीतही इतर वाइनच्या उलटी. बाटली आडवी नव्हे, उभी ठेवतात, कारण ही आंबट वाइन बूच खाऊन टाकते. पिण्याआधी गाळ खाली सोडून ती काचेच्या सुरईत ओततात आणि हवा खाऊ देतात. बाटलीत काढलेल्या दर दहा वर्षांमागे एक दिवस, असा जाणकारांचा ठोकताळा. बोर्दोची म्हातारी बाटली उघडली, की यजमानाला त्याच रात्री संपवावी लागते. मादेराचा मालक एकेक पेला ओततो, बूच लावतो आणि दोन-तीन महिन्यांनी येणाऱ्या पाहुण्यांनाही तीच बाटली पुढे करतो.