हिमावांचून भरणारीं धरणें



उत्तरेंतील सतलजेसारख्या नद्यांना दोन मिळकती आहेत. एक पावसाची, दुसरी हिमाची. हिवाळ्यांत हिमालयावर पडलेलें हिम तेथेंच सांठून राहतें आणि चैत्र-वैशाखाचें ऊन तापूं लागलें कीं वितळून भाक्रा धरणाकडे उतरूं लागतें. ज्या दिवसांत आमच्या गंगापूर धरणाचें पाणी खोल जातें, त्याच दिवसांत तिकडे नवें पाणी येत असतें. पर्वत हेंच त्यांचें पहिलें धरण! आमच्या ब्रह्मगिरीवर हिम नाहीं. गोदावरीस चार महिन्यांच्या पावसावर बारा महिन्यांचा संसार चालवावा लागतो, आणि खालचा काळा पाषाण पोटांत पाणी धरतो तें बेताचेंच.

बरें, हा पाऊस तरी पडतो कोठें? नाशिक शहरांत वर्षाला सुमारें ७०० मिलिमीटर, तर जेमतेम ४५ किलोमीटरवरील इगतपुरीस ३००० हून अधिक. सह्याद्री चढतांना ढग आपलें ओझें तेथेंच उतरवितात; आमच्या वांट्यास उरलेंसुरलें येतें. म्हणून पंचवटींत छत्री न उघडतां धरण भरूं शकतें, आणि शहरांतील गटारें तुंबलीं तरी पातळी जेथल्या तेथें राहूं शकते. ‘एवढा पाऊस झाला, मग पाणीकपात कां?’ असें विचारणाऱ्या गृहस्थांनीं आधीं त्र्यंबकचा आंकडा पहावा.

शिवाय जमिनीची तहान आहेच. मी वर्गांत पाटी पुसण्याच्या कोरड्या बोळ्यावर पाणी ओतून दाखवीत असें. पहिला पेला कोठें गेला तें कळत नसे; दुसरा मात्र टेबलावरून ओघळे. जूनचा पाऊस हा पहिला पेला. तोच पाऊस श्रावणांत भिजलेल्या डोंगरावर पडला, तर ओढे एका रात्रींत भरतात. २०१६ च्या उन्हाळ्यांत पाणीकपात सोसलेल्या या शहरांत ऑगस्टच्या आरंभीं पूर आला आणि गोदाकांठचा दुतोंड्या मारुती पाण्याखालीं गेला!

आतां नाजूक गोष्ट. सांठलेलें सारें पाणी आमचेंच, असें नाहीं. दारणा १९१६ चें, गंगापूर १९६५ चें, आणि खालीं पैठणजवळचें जायकवाडी १९७६ चें. नदी मात्र एकच. १५ ऑक्टोबरला जायकवाडींतील उपयुक्त सांठा शेंकडा ६५ हून कमी असेल तर वरच्या धरणांनीं पाणी सोडावें, असें राज्याच्या जलसंपत्ति नियमन प्राधिकरणानें २०१४ मध्यें ठरविलें. त्यावरून नाशिकांत मोर्चे निघाले, कज्जे झाले. मला मात्र ती तारीख मार्मिक वाटते. पावसाळा सरलेला, आणि मागून हिम वितळून येईल अशी आशा ना आम्हांस, ना पैठणकरांस. तेव्हां वाटणी करावयाची ती हातांत आहे त्याचीच. सोडावयाचेंच असेल तर पात्र ओलें आहे तोंवर सोडावें. उशीर झाला कीं वाटेंतील कोरडी वाळू आपला घोट आधीं घेते. नाशिकानें दिलें किती आणि पैठणास पोंचलें किती, याचा वाद मग उन्हाळाभर चालतो.